पाचवी पिशवी

एका पत्राला मी उत्तर दिलं नाही. उत्तर न दिलेली पत्रं तशी बरीच असतील, आळसानं राहिलेली, काय लिहावं ते न सुचल्यानं राहिलेली. पण ती मी विसरलो आणि बहुधा लिहिणारेही विसरले. हे एक विसरता आलं नाही. निळसर कागद, दोन्ही बाजूंनी भरलेला, आणि जागा संपल्यामुळे शेवटची ओळ समासातून उभी वर चढत गेलेली. ती वाचायला कागद आडवा धरावा लागतो. एक्केचाळीस वर्षं झाली. गेल्या मंगळवारी सकाळी आमच्या इमारतीची लिफ्ट तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्यांच्या मध्ये घसरली आणि धक्का देऊन थांबली, तेव्हा मला ती उभी ओळ दिसली. आठवली म्हणत नाही, दिसली.

घसरली ती वीतभरच. दिवासुद्धा गेला नाही. पाय जमिनीवर होते, पोट मात्र वर तिसऱ्या मजल्यावरच राहून गेल्यासारखं झालं. शेजारी रिकामी पिशवी घेऊन ही उभी होती, माझी बायको. तिनं बटण दाबलं, परत दाबलं, मग मूठ करून दारावर थापा मारल्या. खालून रखवालदार ओरडला, "आलो, आलो! हलू नका कुणी!" "हलून जाणार कुठं, बाबा?" ही म्हणाली आणि दाद मागायला माझ्याकडे वळली. मग तिचं हसू थांबलं. "अहो, असं काय करताय? तोंडातल्या तोंडात काय चाललंय?" मी मोजत होतो. एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन. तिनं माझा दंड धरला. "काही होत नाही. गेल्या महिन्यात खालच्या डॉक्टरीणबाई अर्धा तास अडकल्या होत्या, आत बसून स्वेटर विणला त्यांनी." मी मान हलवली. मानेवरून घाम पाठीत उतरत होता आणि मला वर बघायची भीती वाटत होती. वर लिफ्टचं छतच होतं, पत्र्याचं, मळलेलं, मधोमध जाळी. तरी मी वर बघितलं नाही.

विमानातून उडी मारली की छत्रीधारी सैनिक असं मोजतो. एक हजार एक म्हणायला साधारण एक सेकंद लागतो, म्हणून त्या हजाराचं लेंढार. तीन झाले की मान वर करायची. डोक्यावर पांढरं, भरलेलं, दिसलं की झालं, मग फक्त पाय जुळवायचे. नाही दिसलं तर? त्या वेळी दुसरी, राखीव छत्री देत नसत. "नाही दिसलं तर पुढचे आकडे म्हणत राहायचं, पाढे पक्के होतात," असं आमच्या छावणीतला एक सैनिक, लांब्या, सांगायचा आणि स्वतःच हसायचा. मी स्वतः कधीही उडी मारलेली नाही. मी खाली राहणाऱ्यांपैकी. युद्ध सुरू झालं तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो, एका शाळेच्या ग्रंथालयात फाटकी पुस्तकं बांधत होतो. भरतीच्या डॉक्टरानं माझे डोळे पाहून मान हलवली आणि हात पाहून कागदावर शेरा मारला. छत्रीच्या रेशमाला खरखरीत हात चालत नाहीत, धागा ओढला जातो. माझे हात मऊ होते. एवढ्या भांडवलावर मी युद्धात गेलो, म्हणजे छावणीतल्या पॅराशूट घडीघरात गेलो.

पत्राच्या पाकिटावर तेच लिहिलं होतं: 'पुस्तक्या, पॅराशूट घडीघर', खाली छावणीचा क्रमांक. सैनिकांनी मला पाडलेलं नाव. 'दादाच्या पत्रांत तुमचं खरं नाव कधी नसायचं, म्हणून असं लिहिते, राग मानू नका,' असं आत होतं. लिहिणारी लांब्याची धाकटी बहीण. सरकारी पत्रात 'हवाई उतरणीत वीरमरण' एवढंच आलं होतं. 'आई रोज एकच विचारते, त्याची छत्री उघडली होती का? म्हणजे खाली पोचल्यावर गोळी लागली, की... पुढचं ती बोलत नाही, भांडी घासायला लागते. दादानं शेवटच्या पत्रात लिहिलं होतं, आईला सांग, माझी छत्री माझा मित्रच घडी करतो, खूण बांधून ठेवतो, काळजी करू नको. म्हणून तुम्हाला विचारते. साहेब लोक लिहितात तसं गोड लिहू नका.' आणि मग ती समासातली उभी ओळ: 'ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणा, पण लिहा.'

लोक म्हणतील, मग एवढं सोपं असताना लिहिलं का नाही? मीही स्वतःला हेच विचारत आलो, आणि दर वेळी थोडं वेगळं उत्तर देत आलो. घडीघर म्हणजे एक लांबच लांब शेड, त्यात लांबच लांब टेबलं, एकेका टेबलावर एकेक छत्री प्रेतासारखी उताणी पसरलेली. प्रेतासारखी हे मी आज म्हणतो. त्या वेळी मला ती उघड्या पुस्तकासारखी वाटायची. पाकळी पाकळी उलटत घडी घालायची, पानं उलटावीत तशी. रेशीम चंचल असतं, पंख्याच्या वाऱ्यानंसुद्धा घडी सरकते, म्हणून ती दाबून धरायला शिशाचे छर्रे भरलेल्या कापडी पिशव्या असायच्या, मुठीत मावतील एवढ्या. प्रत्येक टेबलाला पाच. टेबलाशेजारी पाच आकडे भिंतीत ठोकलेले. एक जरी पिशवी घडीत राहिली तर छत्री हवेत उघडेलच असं नाही, म्हणून छत्री थैलीत भरण्याआधी पाचही पिशव्या काढून आकड्यांना अडकवायच्या, मग कार्डावर सही करायची, मगच पुढची छत्री. काम करताना बोलायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम असा की कुठली छत्री कोण घालणार हे आम्हाला कळता कामा नये. सैनिक रांगेनं यायचे आणि मांडणीवरची हाताला येईल ती उचलायचे. आमच्या मोठ्या बाई, शेडच्या प्रमुख, युद्धाआधी शिवणकाम शिकवायच्या. त्या म्हणायच्या, "छत्रीला माणूस नसतो, नंबर असतो. माणूस डोळ्यांसमोर आला की हात कापतात." संध्याकाळी शेड बंद करताना त्या दारात उभ्या राहायच्या आणि रोज त्याच आवाजात विचारायच्या, "कुणाला काही सांगायचंय?" कुणी सांगितलं, बाई, माझी तिसरी घडी मनाजोगी झाली नाही, की त्या नुसतं बरं म्हणायच्या आणि त्या टेबलाच्या सगळ्या छत्र्या उघडायला लावायच्या. शिक्षा नाही, टोमणा नाही. आठवड्यातून दोनतीनदा कुणी ना कुणी बोलायचं. मीही एकदा बोललो होतो, एका साध्या पिळाबद्दल, आणि त्यानंतर किती हलकं वाटलं होतं ते मला अजून आठवतं. म्हणूनच म्हणतो, मला रस्ता माहीत नव्हता असं नाही.

लांब्या बिनतारी यंत्र वाहणारा. इतका उंच की विमानाच्या दारातून वाकून बाहेर पडायचा. फाटक्या छत्र्या परत करायला तो पहिल्यांदा शेडमध्ये आला आणि माझ्या एप्रनच्या खिशातून डोकावणारं पुस्तक त्यानं बघितलं. "काय वाचताय?" मी लाजून म्हणालो, "काही नाही." "बरंच जाड आहे हो काही नाही!" तो म्हणाला आणि ते घेऊनच गेला. पहिल्या उतरणीत तो नांगरलेल्या शेताच्या कडेच्या डबक्यात पडला, अकरा दिवसांनी परत आला, पुस्तक फुगून दुप्पट झालेलं. "आम्ही दोघंही भिजलो," तो म्हणाला, "एकाच खुंटीवर वाळत पडलो." दुसऱ्या उतरणीत पाच दिवस एका शाळेच्या माळ्यावर यंत्र घेऊन बसला होता. खालच्या वर्गांत त्याची माणसं एकेक करून संपत होती आणि तो वरून आकडे पाठवत होता, एवढंच त्यानं सांगितलं. त्यानंतर त्याचे विनोद तेच राहिले, फक्त हसायचा नंतर, उशिरानं, जसा लांबून आवाज येतो. एक दिवस म्हणाला, "पुस्तक्या, पुढच्या खेपेला माझी छत्री तू घडी कर." "तसा नियम नाही." "नियम नाही म्हणून तर विनंती करतोय. असता तर हुकूम केला असता." मला बरं वाटलं, हे मी कबूल करतो. मला आयुष्यात कुणी काही मागितलेलं नव्हतं. पुस्तकं शिवायचा हिरवा दोरा माझ्याकडे होता, त्याची एक गाठ मी छत्रीच्या खांदेपट्ट्याला आतून बांधून ठेवीन असं ठरलं. त्यानं मांडणीवर हात फिरवायचा आणि गाठ लागली की ती उचलायची.

ती दुपार मी इतक्यांदा आठवली आहे की ती आता आठवण राहिलेली नाही, हाताळून हाताळून पुसट झालेलं पान झालं आहे. छत्री टेबलावर होती, पट्ट्याला हिरवी गाठ बांधून झालेली. लांब्या दाराच्या चौकटीला टेकून उभा. पुस्तकाची शेवटची साठ पानं त्याची वाचायची उरली होती आणि उतरण तिसऱ्या दिवशी. "शेवट सांगून टाक." "परत आल्यावर वाच." "आणि नाही आलो तर? ती बाई घर सोडते की नाही, एवढंच सांग." "सांगणार नाही." "बघ हं, वर जाऊन लेखकालाच विचारीन." मी हसलो. माझे हात चालू होते. टेबलावर बोलायचं नाही असा नियम असताना मी बोलत होतो, आणि मान वर करून हसत होतो. पाकळ्या, पिशवी, पाकळ्या, पिशवी. नंतर थैली, नंतर सही. मग तो गेला आणि मी आणखी सहा छत्र्या भरल्या. संध्याकाळी भिंतीकडे पाहिलं तर आकड्यांवर चार पिशव्या होत्या.

शेजारच्या टेबलावरची मुलगी, तिला आम्ही वेणीवाली म्हणायचो, त्या सकाळीच रजेवर गेली होती. तिच्या पिशव्या तिच्या आकड्यांवर होत्या. आम्ही एकमेकांच्या पिशव्या नेहमीच उसन्या घ्यायचो. मी मनाशी म्हटलं, माझी तिकडे गेली असेल, आणि तिच्याकडची एक उचलून माझ्या रिकाम्या आकड्याला लावली. ती परत येईपर्यंत सगळ्या शेडला नव्या पिशव्या आल्या, जुन्या गोळा करून नेल्या. पण माझी पिशवी तिच्याकडे गेली असती तर तिच्याकडे सहा असायला हव्या होत्या. पाच होत्या. हा साधा हिशेब मला त्या क्षणी सुचला नाही, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. सुचला होता. मोठ्या बाई दारात उभ्या राहिल्या. "कुणाला काही सांगायचंय?" माझ्या भिंतीवर पाच पिशव्या होत्या, मी त्यांच्याकडे पाहत होतो. सांगितलं असतं तर सातही छत्र्या उघडल्या असत्या, पट्ट्याची हिरवी गाठ दिसली असती, लांब्याशी बोलत होतो हे निघालं असतं. एवढ्याचीच लाज. कुणी काही बोललं नाही. बाईंनी दिवे घालवले.

पुलाजवळच्या त्या उतरणीला बावीस जण गेले, नऊ परतले. लांब्या उडीच्या रांगेत चौथा होता. बातमी कळल्यावर मी कुणाला काही विचारलं नाही. सगळे आपापसात बोलत होते, कुणाचं काय झालं, कुठे झालं, आणि मी जवळून जाताना चालण्याचा वेग वाढवत होतो. तीन आठवड्यांनी त्याच्या तुकडीचा हवालदार कुबडी घेऊन शेडमध्ये आला. रांगेत तो लांब्याच्या मागेच, पाचवा होता. "इथं पुस्तक्या कोण?" मी त्या वेळी वाळवणीच्या मनोऱ्यात होतो; ओल्या छत्र्या तिथे उंच टांगून ठेवत. त्याचा आवाज ऐकला आणि मी दोन छत्र्यांच्या मध्ये सरकून उभा राहिलो, दार वाजल्यावर पडद्यामागे दडणाऱ्या मुलासारखा. थंड, ओलं रेशीम तोंडाला चिकटलं होतं. मोठ्या बाई म्हणाल्या, "आत्ता तर इथंच होता." हवालदार म्हणाला, "त्याचं पुस्तक द्यायचं होतं. आणि जरा बोलायचं होतं." तो थांबला. किती वेळ ते सांगता येणार नाही, मी मोजलं नाही. मग कुबडीचा आवाज लांब गेला. मला हवं होतं ते सगळं त्या माणसाजवळ होतं, पंधरा पावलांवर, आणि मी श्वास रोखून उभा होतो. आणखी दोन महिन्यांनी बहिणीचं पत्र आलं तेव्हा त्या हवालदाराचा शोध घेता आला असता. तोही मी घेतला नाही.

पुस्तक टेबलावर ठेवलेलं होतं. शेवटून साठाव्या पानात खूण म्हणून हिरवा दोरा. त्याचे दोन अर्थ होतात, आणि मी एक्केचाळीस वर्षं त्या दोन अर्थांमध्ये ये-जा करतो आहे. त्यानं ती छत्री उचलली आणि मग दोरा सोडून आठवण म्हणून पुस्तकात ठेवला. किंवा त्याला ते मनातून पटलं नाही, इतर एकवीस जणांपेक्षा आपल्याला वेगळं काही नको असं वाटून त्यानं दोरा काढला आणि छत्री परत मांडणीवर ठेवली. दुसरा अर्थ धरला की मला रात्रभर झोप लागायची, पण सकाळी दाढी करताना लक्षात यायचं, तरीही सात छत्र्या होत्या. दोरा काय सांगेल? फार तर त्या छत्रीखाली लांब्या होता की नाही ते. मी काही केलं की नाही, ते तो सांगत नाही.

रखवालदारानं दार फाकवलं आणि आम्ही स्टुलावर पाय देऊन दुसऱ्या मजल्यावर उतरलो. ही बाजारात गेलीच नाही, मला घरी घेऊन आली. मी कपाटातून ते फुगलेलं पुस्तक काढलं; पत्र त्यातच असतं. "हे काय?" तिनं विचारलं. मी सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आणि नीट क्रमानंसुद्धा सांगता आलं नाही, पिशवी आधी सांगितली आणि लांब्या नंतर. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "घरातून निघताना किल्ल्या पाचपाचदा मोजता. पाहुणे गेले की चमचे मोजता. मी सगळ्यांना सांगत आले, स्वभाव आहे, जरा चक्रम आहेत." "तसंही असेल." "मग आता?" "आता काय? ती असेल की नाही कुणास ठाऊक. आई तर नक्कीच नसेल." "तुम्ही आहात ना? ती तर तुमच्याहून लहान." "या वयात तिला हे सांगून कशाला दुखवायचं? तिची समजूत तिनं घातली असेल काहीतरी." हिनं पत्र आडवं धरून ती उभी ओळ वाचली. नंतर माझ्याकडे न बघता म्हणाली, "इथं तिनं तुमची दया मागितलेली दिसत नाही. लिहा एवढंच मागितलंय." आणि स्वयंपाकघरात गेली. मला तिचा राग आला, थोडा वेळ. खरं बोलणाऱ्या माणसाचा येतो तसा.

तीन दिवस लिहीत होतो. पहिलं उत्तर सुरेख उतरलं. त्यात छत्री उघडली होती, वारा मंद होता, तो जमिनीवर उभा राहिला होता आणि मग एकाच गोळीनं. माझं अक्षरही त्यात चांगलं आलं होतं, ते पाहून मला भीती वाटली आणि मी ते फाडलं. दुसरं एका ओळीचं: मला ठाऊक नाही. ते खरं होतं. सबंध खरं नव्हतं. त्यातही मी दोन छत्र्यांच्या मध्ये उभाच होतो. तिसऱ्यात मी पिशव्या लिहिल्या, आधी चार आणि मग पाच, शेजारच्या टेबलावर किती होत्या ते, मोठ्या बाई रोज काय विचारायच्या ते, त्या दिवशी मी काय उत्तर दिलं ते, आणि हवालदार आला तेव्हा मी कुठे होतो. 'आईंना काय सांगायचं ते मी तेव्हा तुम्हाला कळवायला हवं होतं. छत्री उघडली की नाही हे मला ठाऊक नाही, आणि ज्याला ठाऊक होतं त्याच्यापासून मी लपलो. सातांपैकी एका छत्रीत माझी पिशवी राहिली असावी. ती त्याची होती की दुसऱ्या कुणाची, सांगता येत नाही. सोबत हिरवा दोरा पाठवतो. तो कुठल्या बाजूनं बोलतो ते मला कळलेलं नाही. तुमचा दादा मला पुस्तकाचा शेवट विचारत होता. ती बाई घर सोडत नाही, दारापर्यंत जाते आणि परत फिरते. त्याला ते सांगायला माझं काही जात नव्हतं.'

शुक्रवारी सकाळी जिन्यानं उतरलो. पोस्टात खिडकीमागचा कारकून पाकीट उलटसुलट करून पाहत म्हणाला, "आजोबा, या रस्त्याचं नाव बदलून जमाना झाला." "पोचेल का?" "जुन्या पोस्टमनला विचारतो तसं. पण हे काय, पाठवणाऱ्याचा पत्ताच नाही. समजा ती माणसं तिथं नसली, तर हे कुठं परत पाठवायचं?" मी म्हणालो, राहू दे तसंच. "असं कसं राहू दे? आणि त्यांनी उत्तर द्यायचं म्हटलं तर?" माझ्या मागं रांग होती. कुणीतरी खाकरलं. घरी मी ती जागा विसरून कोरी ठेवली नव्हती, आणि हे त्या पोराएवढ्या कारकुनाला कसं कळलं असेल असं मला उगीचच वाटलं. त्यानं दोरीला बांधलेलं पेन माझ्याकडे सरकवलं. मी पत्ता लिहिला, मजला लिहिला, दाराचा नंबर लिहिला. नाव लिहिलं. मग त्या नावानं तिला काहीच कळणार नाही हे ध्यानात आलं, म्हणून खाली लिहिलं, पुस्तक्या. कारकून वाचून गालात हसला, तिकीट चिकटवलं आणि दाराजवळच्या पेटीकडे बोट दाखवलं.

पेटीची फट माझ्या छातीएवढ्या उंचीवर होती. पाकीट अर्धं आत गेलं आणि बोटं सुटेनात. मागून एक बाई म्हणाल्या, "टाका हो आजोबा, आत कुणी चावत नाही." मी सोडलं.

एक हजार एक. एक हजार दोन. एक हजार तीन.

मी मान वर केली.